डेस्टिनीचं संगीत कोणाचं?

सप्टेंबर २०२१मध्ये मार्टी ओडॉनेल या अमेरिकन संगीतकाराने एक छोटं निवेदन जाहीर केलं. डेस्टिनी या ऑनलाइन खेळाशी संबंधित जे साहित्य माझ्याकडे होतं, ते बाळगण्याचा किंवा वाटण्याचा कायदेशीर अधिकार मला नव्हता, आणि ज्यांनी ते माझ्याकडून उतरवून घेतलं असेल त्यांनी ते नष्ट करावं, असा त्याचा आशय होता. त्या साहित्यातलं बरंचसं संगीत त्यानेच रचलेलं होतं. निवेदन स्वखुशीने आलेलं नव्हतं. वॉशिंग्टन राज्यातल्या न्यायालयाने त्याला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवून ते प्रसिद्ध करायला लावलं होतं.

हे वाचून चाहत्यांमध्ये उभी फूट पडली. एका बाजूचं म्हणणं, कलावंताकडून त्याचंच लेकरू हिरावून घेतलं. दुसरी बाजू म्हणत होती की करारावर सही करायची आणि नंतर तो मोडायचा, याला कलावंतपणा म्हणत नाहीत. डेस्टिनी कधीही न खेळलेल्या माणसाला हा वाद परका वाटेल. तो समजून घ्यायचा तर आधी खेळ, मग माणसं आणि मग कायदा, असं थोडं मागे जावं लागतं. माझं मत आताच सांगतो: या भांडणात दोन्ही बाजू एकाच नावाला चिकटून बसल्या आहेत, आणि त्यामुळे हे संगीत प्रत्यक्षात कसं तयार होतं याकडे कोणाचंच नीट लक्ष जात नाही.

डेस्टिनी बंजी या कंपनीचा. पहिला भाग सप्टेंबर २०१४मध्ये आला, दुसरा सप्टेंबर २०१७मध्ये. उद्ध्वस्त झालेल्या भविष्यकाळातल्या सूर्यमालेत, चंद्रावर, मंगळावर, शुक्रावर, तुम्ही रक्षक म्हणून लढता. एकट्याने खेळता येतो, पण खरा जीव आहे तो सहा जणांनी मिळून खेळायच्या मोठ्या मोहिमांत, ज्यांना सगळे ‘रेड’ म्हणतात. दर आठवड्याला खेळ नव्याने भरला जातो. भारतात ती वेळ मंगळवारी रात्री साडेदहाची, म्हणजे इथल्या नोकरदार खेळाडूने जेवण उरकून बसायचं आणि बुधवारी डोळे चोळत कामावर जायचं. हा खेळ संपत नाही, आणि हा मुद्दा पुढे फार कामाला येणार आहे.

ओडॉनेल आणि मायकेल साल्वातोरी हे दोघे शिकागोचे, जुने भागीदार. टोटलऑडिओ नावाची त्यांची कंपनी होती आणि जाहिरातींची जिंगल्स करणं हा त्यांचा व्यवसाय. १९९९मध्ये बंजीला हेलो या आगामी खेळाची झलक एका प्रदर्शनात दाखवायची होती, त्यासाठी या जोडीने संगीत केलं. सुरुवातीला मठातल्या साधूंच्या सामूहिक पठणासारखे पुरुषांचे आवाज, मग त्यावर चढत जाणारे तंतुवाद्यांचे ताल. नेमबाजीच्या खेळात असं काही तोवर लोकांनी फारसं ऐकलंच नव्हतं. हेलो २००१मध्ये बाजारात आला आणि ती धून घराघरात पोचली. पुढे ओडॉनेल बंजीत नोकरीला लागला आणि ध्वनिविभागाचा प्रमुख झाला. मुलाखती तो देई, मंचावर तो दिसे. साल्वातोरीचं नाव श्रेयनामावलीत बरोबरीने असलं तरी लोकांच्या तोंडी कमीच आलं. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ मला इथे दिसतं.

डेस्टिनीची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा ओडॉनेलने वेगळाच बेत आखला. सहसा खेळ आधी बनतो आणि संगीतकार तयार दृश्यांवर संगीत चढवतो. इथे संगीत आधी लिहायचं ठरलं, म्हणजे चित्रकार, लेखक आणि बाकीची मंडळी ते ऐकत ऐकत जग उभं करतील. त्यातून आठ भागांची, पाऊण तासाहून मोठी एक वाद्यवृंदाची रचना तयार झाली: ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’. ग्रहगोलांच्या गतीतून एक न ऐकू येणारं संगीत उमटत असतं, या प्राचीन ग्रीक कल्पनेवर ती बेतलेली. रचनाकार तिघे, ओडॉनेल, साल्वातोरी आणि बीटल्सचे पॉल मॅकार्टनी. ही रचना खेळाच्या आधी स्वतंत्रपणे लोकांसमोर यावी अशी ओडॉनेलची फार इच्छा होती. ते घडलं नाही. तिचे तुकडे खेळात विखरून वापरले गेले, पण सलग रचना कपाटात राहिली.

ठिणगी पडली जून २०१३मध्ये. लॉस एंजेलिसच्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनासाठी डेस्टिनीचा ट्रेलर बनला तो ॲक्टिव्हिजनकडून, म्हणजे खेळाला पैसा पुरवून बाजारात आणणाऱ्या प्रकाशकाकडून. त्यांनी बंजीचं संगीत बाजूला ठेवून स्वतःचं घातलं. बंजीनेही आधी विरोध केला होता, पण प्रकाशकाचं चाललं. ओडॉनेल गप्प बसला नाही. हे संगीत बंजीचं नाही, असं त्याने ट्विटरवर जाहीर सांगून टाकलं. त्यानंतर संबंध बिघडतच गेले आणि एप्रिल २०१४मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. पाच महिन्यांनी खेळ आला तो त्याच्याच संगीतासह.

मग कज्जे. न दिलेल्या रजेच्या पैशांचा दावा तो जिंकला. कंपनीतल्या त्याच्या शेअरबाबतच्या लवादाचा निकाल २०१५मध्ये आला. त्यातही कंपनीने त्याच्याशी सचोटीने व्यवहार केला नाही असं ठरलं आणि त्याचा वाटा त्याला मिळाला. पण त्याच निकालात असंही होतं की डेस्टिनीच्या संगीताचं सगळं साहित्य त्याने कंपनीला परत करायचं आणि पुढे ते वाजवायचं किंवा वाटायचं नाही. चाहत्यांच्या गोष्टीत पहिला अर्धा भाग ठळक राहतो, दुसरा गळून पडतो.

सलग रचना कोणालाच ऐकायला मिळेना, तसतशी तिची आख्यायिका वाढली. काही चाहत्यांनी खेळातून, ट्रेलरमधून आणि ध्वनिमुद्रिकेतून तुकडे वेचून ती पुन्हा जुळवायचा प्रयत्न केला. अखेर २०१७च्या नाताळात दोन चाहत्यांनी पूर्ण रचना इंटरनेटवर टाकली. त्याआधी काही आठवडे ओडॉनेलने म्हटलं होतं की वाटायची परवानगी देण्याचा अधिकार मला नाही, आशीर्वाद द्यायला मात्र कोणी अडवू शकत नाही. बंजीने त्या चाहत्यांवर कारवाई केली नाही, उलट २०१८मध्ये रचना अधिकृतपणे प्रकाशित केली. इथे गोष्ट गोड व्हायला हवी होती. पण २०१९नंतर ओडॉनेलने आपल्याजवळचे कच्चे आराखडे आणि ध्वनिमुद्रणं स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करायला सुरुवात केली, बंजी पुन्हा न्यायालयात गेली आणि २०२१चं ते निवेदन आलं. कंपनीच्या खर्चापोटी त्याला जवळपास १ लाख डॉलर मोजावे लागले.

आता कायद्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे.

आपण सहज धरून चालतो की ज्याने चाल लावली, चाल त्याची. कंपनीने फार तर ती वापरायला विकत घेतली असेल. अमेरिकेचा कॉपीराइट कायदा नोकरदार कलावंताच्या बाबतीत याच्या पुढे जातो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची कंपनी नुसती मालक ठरत नाही, कायद्याच्या नजरेत तीच त्या कामाची ‘कर्ता’ असते. संगीतकाराने हक्क विकलेले नसतात. ते त्याच्याकडे मुळात आलेलेच नसतात. भारतातही पगारी नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच. मात्र चित्रपटगीतांपुरतं आपल्याकडे २०१२मध्ये कायदा बदलला. गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क निर्मात्याला दिले तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीचा त्यांचा वाटा आता त्यांनाही लिहून देता येत नाही. म्हणजे ‘चाल कंपनीची’ हा काही निसर्गाचा नियम नव्हे. संसदेत बसून ठरवलेली ती गोष्ट आहे आणि बदलताही येते.

नोकर आणि बाहेरचा माणूस यात किती अंतर आहे ते याच जोडीच्या दुसऱ्या खटल्यात दिसतं. हेलोची मूळ धून ओडॉनेल आणि साल्वातोरी यांनी केली तेव्हा दोघेही बंजीचे नोकर नव्हते. त्यामुळे ते संगीत आम्ही फक्त वापरायला दिलं होतं, असं म्हणत त्यांनी २०२०मध्ये हेलोचे हक्क असलेल्या मायक्रोसॉफ्टवर थेट रॉयल्टीचा दावा लावला. २०२२मध्ये तो तडजोडीने मिटला. माणसं तीच, शैली तीच, आणि तरी एका खेळाच्या संगीतासाठी बलाढ्य कंपनीला तडजोडीला आणता येतं, दुसऱ्याच्या संगीतासाठी जाहीर निवेदन द्यावं लागतं. फरक पडतो तो फक्त त्या दिवशी तुम्ही कोणाच्या हजेरीपटावर होता यामुळे.

तेव्हा ‘संगीत कोणाचं’ याचं कायदेशीर उत्तर दहा वर्षांपूर्वीच मिळालं आहे. तरी वाद थांबत नाही, कारण चाहते ते विचारतच नाहीत. त्यांना विचारायचं असतं, हे संगीत ऐकून माझ्या पोटात जे काही हललं, त्याबद्दल मी कोणाचा ऋणी आहे? लवादाच्या निकालात याचं उत्तर कुठून असणार.

आणि म्हणूनच ते वाक्य पुन्हा पुन्हा येतं: मार्टी गेला आणि डेस्टिनीच्या संगीताचा आत्मा गेला. मला हे वाक्य पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला खेळातलं संगीत वाजतं कसं ते पाहावं लागेल.

चित्रपटाच्या संगीतकाराला माहीत असतं की अमुक मिनिटाला नायिका दार उघडणार. खेळाच्या संगीतकाराला यातलं काहीच माहीत नसतं. तुम्ही दारासमोर दहा मिनिटं उभे राहाल, नाहीतर धावत आत घुसाल. म्हणून संगीत तुकड्यांत लिहितात. एक प्रवेशाचा तुकडा, एक कितीही वेळ फिरवता येईल असा मधला, त्याचे एकदोन पर्याय आणि एक शेवट. हेलोच्या काळात ओडॉनेलने हे तंत्र फार विचारपूर्वक वापरलं. त्याशिवाय थर असतात. खाली नुसता मंद सुरावटीचा थर, शत्रूने पाहिलं की तालवाद्यांचा, लढाई पेटली की पितळी वाद्यांचा. हे सगळे थर एकाच स्वरात आणि एकाच लयीत बांधलेले, म्हणजे कोणताही कधीही आत-बाहेर करता येतो. तमाशाच्या फडात ढोलकीवाला नाचणारीच्या पायांवर नजर ठेवून ठेका बदलतो. इथे ते काम संगणक करतो आणि नाचणारे तुम्ही असता.

आता विचार करा, या कामात ‘संगीतकार’ म्हणजे नेमका कोण? धून सुचलेला एक. ती वाद्यवृंदासाठी बसवणारा दुसरा. कोणता थर कोणत्या घटनेवर उघडायचा हे ठरवणारे आणि जोडणारे आणखी काही. शिवाय मोहीम आखणारा, कारण शांतता कुठे ठेवायची हे त्याच्या हातात. या साखळीतला प्रत्येक जण तुमच्या अंगावर काटा येण्याला कारणीभूत आहे.

याचा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा पुरावा ओडॉनेल गेल्यानंतर सहा वर्षांनी आला. नोव्हेंबर २०२०मध्ये ‘बियाँड लाइट’ हा विस्तार, म्हणजे खेळात भर घालणारा नवा भाग, प्रसिद्ध झाला आणि त्यात ‘डीप स्टोन क्रिप्ट’ नावाची रेड होती. गुरूच्या युरोपा या बर्फाळ चंद्रावर ती सुरू होते. मध्यावर एक अत्यंत गोंगाटाची लढाई येते. सहा जण दोन ठिकाणी विभागलेले, काही खाली युरोपावर, काही वर अंतराळस्थानकात. कोणाला काय दिसतंय ते ओरडून सांगावं लागतं, वेळ संपत येते, कोणीतरी मरतं, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा खेळणाऱ्या गटाचे यात तासन् तास जातात. आणि मग ती लढाई एकदाची जिंकल्यावर दरवाजा उघडतो आणि तुम्ही स्थानकाच्या बाहेर पडता. समोर काळं अंतराळ, पायाखाली प्रचंड पांढरा चंद्र. आता शत्रू नाही, घड्याळ नाही. कठड्यांवरून उड्या मारत पलीकडे जायचं एवढंच. तेव्हा ‘डीप स्टोन ललबाय’ सुरू होतं: अतिशय साधी, अंगाईसारखी धून. तासभर एकमेकांवर खेकसलेली माणसं तिथे गप्प होतात. मी ज्या ज्या गटासोबत ही रेड खेळलो, त्यात तिथे कोणी ना कोणी ‘थांबा रे जरा’ म्हटलंच आहे.

ही धून अल्बमवर ऐकली तर चांगली वाटते. पण तिच्या आधीचा तो गोंधळ नसेल तर ती निम्मीच आहे. तो गोंधळ संगीतकाराने रचला नव्हता. म्हणून नुसत्या अल्बमवरून खेळाच्या संगीताची समीक्षा करणाऱ्यांशी माझं पटत नाही. ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ मांडी घालून सलग ऐकायला लिहिलेलं आहे, ‘ललबाय’ खेळताना गाठायला. त्या दोघांना एका तराजूत घालून आधीचं श्रेष्ठ ठरवणं हा अन्याय आहे. आणि २०१४ साली तुम्ही विशीत होता, मित्रांबरोबर रात्र रात्र जागत होता, त्या रात्रींचं वजनही नकळत जुन्या संगीताच्या पारड्यात पडतं. ते वजन खोटं नाही. पण ते संगीताचं नव्हे.

याच्या उलट बाजूचे लोकही कमी हट्टी नाहीत. डेस्टिनीच्या संगीतावर जरा टीका केली की काही जण ‘कंपनीला शिव्या द्या, संगीताला हात लावू नका’ म्हणून तुटून पडतात. खेळाची कथा तोकडी आहे, पैसे उकळले जातात, हे सगळं मान्य. संगीत मात्र कायम निर्दोष. असं संरक्षण दिलं की संगीताबद्दल बोलणंच बंद होतं. पहिल्या डेस्टिनीच्या शेवटी श्रेयनामावलीच्या वेळी मॅकार्टनींचं ‘होप फॉर द फ्यूचर’ वाजायचं. गाणं म्हणून ते वाईट नाही, पण त्या जगाच्या सुरात ते बसत नव्हतं, आणि असं म्हणणारा माणूस खेळाचा शत्रू ठरत नाही.

ही टीका इतकी तापते यालाही एक कारण आहे, आणि मघाशी म्हटलं ते इथे येतं: खेळ संपलेला नसतो. पुस्तक छापून झालं की समीक्षकाने काहीही लिहिलं तरी पान बदलत नाही. ऑनलाइन खेळात पान बदलतं. २०१४मध्ये खेळाडूसोबत असणाऱ्या ‘घोस्ट’ या छोट्या यंत्राला पीटर डिंक्लेज या प्रसिद्ध अभिनेत्याचा आवाज होता. तो फार निर्जीव वाटतो अशी ओरड झाली. वर्षभराने, सप्टेंबर २०१५मध्ये, बंजीने नोलन नॉर्थ या दुसऱ्या अभिनेत्याकडून त्याचे जुने संवादसुद्धा पुन्हा बोलून घेतले आणि डिंक्लेजचा आवाज खेळातून पुसून टाकला. ज्यांनी ओरड केली त्यांना वाटलं आपण जिंकलो. ज्यांना तो आवाज आवडू लागला होता, त्यांच्या हातात काहीच उरलं नाही. अशा जागी समीक्षा ही नुसती मतं मांडायची गोष्ट राहत नाही. प्रत्येक टीकाकार दुसऱ्याच्या आवडत्या गोष्टीवर घाला घालणारा वाटू लागतो, कारण तसं खरोखर घडलेलं आहे.

त्याहून मोठा घाला नोव्हेंबर २०२०मध्ये पडला. खेळ फार अवजड झाला म्हणून बंजीने दुसऱ्या डेस्टिनीतली मूळ कथा आणि मंगळ, बुध, टायटन, आयओ ही ठिकाणं काढून ठेवली. २०२२मध्ये ‘फॉरसेकन’ या आधीच्या विस्ताराची कथाही गेली. यातलं काही नंतर परत आलं, बरंच आलं नाही. त्या ठिकाणांचं संगीत अल्बमवर आहे, पण तिथे ते प्रत्येक वेळी तसंच वाजतं. लाटांवर हेलकावणाऱ्या टायटनच्या फलाटांवर तुम्ही रेंगाळलात तर रेंगाळणारं, धावलात तर धावणारं ते संगीत, ते तिथल्या थरांसह बंद झालं होतं. एका संगीतकाराच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षं भांडणाऱ्या चाहत्यांनी यावर त्या मानाने फार कमी आवाज केला, याचं मला आजही वाईट वाटतं.

ऑक्टोबर २०२३मध्ये बंजीने सुमारे १०० जणांना कामावरून कमी केलं. त्यात मायकेल साल्वातोरी होता. हेलोच्या पहिल्या धूनपासून डेस्टिनीच्या ताज्या विस्तारांपर्यंत सतत लिहीत आलेला, ‘आत्मा गेला’ असं लोक म्हणत होते त्या सगळ्या वर्षांत तिथेच बसून काम करणारा. त्याच्याबरोबर मायकेल सेक्रिस्ट हा आणखी एक संगीतकारही गेला. बातमी आली तेव्हा हळहळ मोठी झाली, आणि अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपल्या आवडीच्या कितीतरी धुना त्याच्या होत्या. यात कोणतीही कायदेशीर लढाई नव्हती, ट्विटरवरची खडाजंगी नव्हती, त्यामुळे चार दिवसांत चर्चा ओसरली. ओडॉनेलवर झालेला अन्याय काही अंशी खराच आहे. पण त्या खटल्यावर जेवढी शाई आणि जेवढा संताप खर्च झाला, त्याचा दहावा हिस्सासुद्धा साल्वातोरीच्या वाट्याला आला नाही.

म्हणून कोणी नव्याने या वादात उतरणार असेल, तर त्याने आधी अल्बमची श्रेयनामावली उघडावी आणि त्यातली नावं वाचावीत. आवडती धून कोणकोणाची आहे ते पाहावं. मग ती धून खेळात जिथे येते तिथे जाऊन एकदा ऐकावी, जागा अजून शिल्लक असेल तर.